तळीराम, लखोबा आणि अमरत्वाचा दाखला

मराठी समीक्षाव्यवहारात एक विधान इतक्या निर्धास्तपणे केले जाते की त्याला कोणी पुरावा मागत नाही आणि कोणी तो देतही नाही. अमुक लेखकाच्या अमुक पात्राचे नाव बोलीभाषेत शब्द म्हणून रूढ झाले, यापेक्षा त्या लेखकाच्या प्रतिभेची मोठी पावती ती कोणती, असे हे विधान आहे. चर्चासत्रांतील निबंधांत ते येते, जन्मशताब्दीच्या गौरवग्रंथांत येते, पीएच.डी.च्या प्रबंधांत तर ‘व्यक्तिचित्रण’ या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात त्याची जागा जणू राखूनच ठेवलेली असते. या वाक्याची गाठ पडल्याशिवाय प्रबंधपरीक्षकाचा एकही मोसम जात नाही. विशेषनामाचे सामान्यनाम झाले की पात्र ‘अजरामर’ ठरते आणि समीक्षकाचे काम संपते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या जवळजवळ उलट आहे. पात्राचे नाव शब्दकोशात शिरते तेव्हा पात्र बहुधा संहितेतच मागे राहिलेले असते. भाषा नाव उचलते आणि माणूस टाकून देते. नाव कोणाचे उचलायचे आणि त्या माणसातले काय टाकून द्यायचे, ही निवड निर्हेतुक नसते. तिच्यात समाजाची सोय असते. ही सोय वाचून दाखवणे हे समीक्षेचे काम होते. तिने मात्र तिलाच गुणवत्तेचा दाखला मानले आहे.

सर्वांत प्रतिष्ठित उदाहरणापासूनच सुरुवात करू. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्या नाटकातील तळीराम आज वृत्तपत्रांच्या मथळ्यांचा कायमचा रहिवासी आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री पोलीस ‘तळीरामां’वर कारवाई करतात, निवडणुकीच्या काळात दुकाने बंद राहिली की ‘तळीरामां’चे घसे कोरडे पडतात, २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीतच मद्यविक्री सुरू झाली तेव्हा रांगा लागल्या त्याही ‘तळीरामां’च्याच. गडकऱ्यांचे नावही ठाऊक नसलेला वाचक हा शब्द अचूक वापरतो. येथपर्यंत वाद नाही.

पण ‘एकच प्याला’ ही शोकांतिका कोणाची आहे? ती सुधाकराची आहे. बुद्धिमान, मानी, गरिबीतून वर आलेला हा वकील न्यायालयात मुन्सफाशी खटका उडून सनद काही काळासाठी गमावतो, अपमानाने पेटतो आणि पहिला पेला ओठांना लावतो. त्यानंतर घर जाते, अब्रू जाते, पोटचे मूल जाते, सिंधू जाते आणि अखेर तो स्वतः जातो. तळीराम हा या वकिलाचा कारकून. तो धन्याच्या हाती पेला देतो, आर्यमदिरामंडळाचा कारभार पाहतो आणि त्याच्या तोंडी गडकऱ्यांनी आपल्या विनोदाचा मोठा वाटा घातला आहे. नाटकात दोघेही दारूनेच मरतात. मात्र भाषेने मद्यपी माणसाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा वकिलाला वगळले आणि कारकुनाला उचलले.

यातून काय साधले ते पाहावे. ‘तळीराम’ म्हणताच दारू हा हसण्याचा विषय होतो. मथळ्यातला तळीराम झिंगतो, गटारात पडतो, पोलिसांशी हुज्जत घालतो. त्याच्या घरी सिंधू नसते. गडकऱ्यांनी ज्या घराच्या राखेवर पाच अंक उभे केले ते घर या शब्दात कोठेच नाही. ‘सुधाकर’ हे नाव शब्द झाले असते तर शिकलेल्या, प्रतिष्ठित, सनदधारी घरांतली दारू तिच्या परिणामांसह प्रत्येक वेळी उच्चारावी लागली असती. हे नाटक पाहायला गंधर्व मंडळीच्या तिकीटखिडकीशी जो वर्ग उभा होता, त्याला ते नको होते. व्यसनाचे नाव त्याने आपल्या पायरीवरून एक पायरी खाली ढकलले. आता हा शब्द गडकऱ्यांच्या विजयाचा म्हणायचा, की त्यांच्या नाटकाच्या मर्मस्थानाला समाजाने चतुराईने दिलेल्या बगलेचा?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो टाकाऊ नाही. सुधाकर हे नाव घराघरांत असते, तळीराम नसते. विरळा, नादयुक्त नावच शब्द होऊ शकते, त्यात वर्गाचा काय संबंध, असे म्हटले जाईल. नादाचा वाटा मलाही मान्य आहे. परंतु मग ‘नारायणा’चे काय करायचे? पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’मधील नारायण हे लग्नघरातल्या हरकाम्या माणसाचे नाव झाले. ‘प्रत्येक लग्नाला एक नारायण लागतोच’ असे आपण आज सहज बोलतो. नारायण या नावाइतके सर्वसाधारण नाव महाराष्ट्रात दुसरे शोधावे लागेल. म्हणजे नाव घरोघरचे असणे आड येत नाही. आड येते ते नाव घेणाऱ्याला स्वतःला त्या जागी पाहावे लागणे. नारायण नेहमी दुसरा कोणी असतो, आपण यजमान असतो. राबवून घेतलेल्या त्या माणसाविषयीची लेखकाची माया शब्दात उतरली नाही. उतरली ती त्याची उपयुक्तता.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये रंगभूमीवर आले आणि प्रभाकर पणशीकरांनी त्यातील बहुरूपी भामटा अनेक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर उभा केला. लग्नाचे आमिष दाखवून स्त्रियांना फसवणारा कोणी पकडला गेला की त्याला ‘आधुनिक लखोबा लोखंडे’ म्हणण्याचा प्रघात मराठी वृत्तपत्रांत आजही चालू आहे. आता संहिता उघडावी. आरोपीच्या पिंजऱ्यातील माणूस न्यायालयाला काय सांगत असतो? आपण निपाणीचे तंबाखूचे व्यापारी लखोबा लोखंडे आहोत. ज्या दिवाकर दातारावर हा खटला आहे ‘तो मी नव्हेच’. म्हणजे लखोबा लोखंडे हे नाव त्या माणसाचा बचाव आहे. फसवणूक घडते ती दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे अशा नावांखाली. त्या नावांच्या भारदस्तपणावरच मुलींचे बाप भाळतात. फसवणुकीचे हत्यार होती ती घरंदाज, पांढरपेशी आडनावे. शब्द मात्र बनला तो सीमाभागातल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या नावाचा. दातार सुटले, परांजपे सुटले, निपाणीचा लोखंडे कायमचा अडकला.

‘लखोबा लोखंडे’मधला अनुप्रास जिभेला गोड लागतो हे खरेच, अत्र्यांचा कान त्या बाबतीत तिखट होता. तरीही नाटकाने सहा दशकांपूर्वी ज्या सामाजिक भोळेपणावर बोट ठेवले, म्हणजे आडनाव आणि हुद्दा ऐकून माणसावर विश्वास टाकण्याच्या सवयीवर, ती सवय या शब्दात अभंग राहिली आहे. इतकेच नव्हे, तर शब्दाने तिला पाठिंबाच दिला आहे. इंग्रजीतही असा एक घोटाळा सर्वश्रुत आहे. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे राक्षस घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव. लोकांनी ते राक्षसाला चिकटवले. तेथे निदान असे म्हणता येते की निर्मात्याचे नाव त्याच्या पापावर बसले, आणि त्यात एक प्रकारचा न्याय आहे. आपल्याकडे तोही नाही.

आपल्याकडे त्या आशयासाठी ‘भस्मासुर’ आहे. महागाईचा भस्मासुर, भ्रष्टाचाराचा भस्मासुर, प्रदूषणाचा भस्मासुर. अग्रलेख लिहिणाऱ्यांचे या असुरावर विशेष प्रेम. मूळ कथेचा सारा काटा वर देणाऱ्यावर आहे. शंकराने वर दिला म्हणून तो असुर भयंकर झाला आणि उलटून त्याच्याच मागे लागला. अग्रलेखातील भस्मासुराला वर कोणी दिला, हे कोणी विचारत नाही. तो आपोआप उगवतो आणि सर्वांना सारखाच छळतो. कथेतला जबाबदार पक्ष गाळून केवळ आकार उरवणे, ही शब्दाची कामगिरी.

पौराणिक पात्रांना मी येथे कल्पित पात्रांच्या पंक्तीस बसवले याचा कोणास राग येऊ नये. भाषेच्या व्यवहारात भीष्म काय आणि फाल्गुनराव काय, दोघेही कथेतून आलेले. आणि मराठीच्या बाबतीत सामान्यनाम झालेल्या नावांचा मोठा साठा रामायण-महाभारतातलाच आहे. हे आपण शाळेतच शिकतो. विशेषनाम सामान्यनाम कसे होते हे सांगताना व्याकरणाची पुस्तके जमदग्नी, सुदामा, भीम, त्राटिका यांना हाक मारतात. वडील जमदग्नी असतात आणि मुलगी त्राटिका असते. व्याकरणाच्या निरुपद्रवी पानावर मुलांच्या पिढ्या एवढे मात्र बिनबोभाट शिकून गेल्या की रागीट पुरुष ऋषी असतो आणि रागीट स्त्री राक्षसी.

ही त्राटिका कोण? वाल्मीकींची ताटका. ती जन्माने यक्षिणी. तिचा नवरा सुंद अगस्त्यांच्या शापाने मारला गेला; ती मुलासह अगस्त्यांवर चालून गेली आणि शापाने राक्षसी झाली. नवरा मारला गेल्यावर चवताळून उठलेली ही बाई, हे कथेतले तथ्य. मराठी शब्दात त्यातले काय आले? फक्त चवताळणे. नवऱ्याचे मरण गळाले, शाप गळाला, आणि उरलेला शब्द कोणत्याही तोंडाळ सुनेला, शिस्तीच्या शिक्षिकेला किंवा हक्काचे मागणाऱ्या बहिणीला लावायला मोकळा झाला. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी रूपांतर केले, तेव्हा त्याला ‘त्राटिका’ हेच नाव दिले. वठणीवर आणायची बाई म्हणजे त्राटिका हे समीकरण तोवर प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

पुरुषांच्या वाट्याला निंदेची नावे आली नाहीत असे नाही. शकुनी आहे, कुंभकर्ण आहे, कळीचा नारद आहे. पण त्यांच्या समोरच्या पारड्यात भगीरथ आहे, भीष्म आहे, हरिश्चंद्र आहे. प्रयत्नाला, प्रतिज्ञेला, सत्याला पुरुषाचे नाव मिळाले. स्त्रियांच्या बाजूला कैकेयी, मंथरा, शूर्पणखा यांच्यासमोर कोण? ‘सती सावित्री’. आणि तीही आज बोलण्यात बहुतेक वेळा कुत्सितपणेच येते. यमाशी वाद घालून जिंकलेल्या, युक्तिवादात निष्णात अशा बाईचे नाव बुद्धीला मिळू नये, सोज्वळपणाच्या टिंगलीला मिळावे, यावर आमच्या व्यक्तिरेखा-मीमांसकांनी किती पाने खर्च केली आहेत?

आता कोणी म्हणेल, हे सगळे बोलीचे दोष झाले; मोठा लेखक ते दुरुस्त करतो. येथे मला मराठीतील एका अतिशय लोकप्रिय कादंबरीची साक्ष काढावीशी वाटते. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने अनेक मराठी घरांत कर्णाची प्रतिमा पालटून टाकली. सूतपुत्र म्हणून जन्मभर हिणवला गेलेला, आपली ओळख शोधणारा कर्ण वाचकांनी डोळ्यांत पाणी आणून वाचला. आणि बोलीतील ‘कर्ण’ या शब्दाचे काय झाले? काहीही नाही. तो तेव्हाही दानशूर होता, आजही आहे. देणगीदारांच्या सत्कारात आजही ‘दानशूर कर्ण’च व्यासपीठावर बसतात, कुळ विचारून हाकलला गेलेला कर्ण शब्दात शिरूच शकला नाही. त्याच वर्षी ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. इरावती कर्वे यांनी भीष्माच्या प्रतिज्ञेचे मोल कोणी चुकवले, त्यापायी कोणकोणत्या स्त्रियांची आयुष्ये भरडली गेली, याचा हिशेब मांडला. ‘भीष्मप्रतिज्ञा’ मात्र अजून गौरवाचाच शब्द आहे. साहित्याचे श्रेष्ठत्व आणि शब्दाचे रूढ होणे यांचा सांधा आपण समजतो तितका घट्ट असता, तर या दोन पुस्तकांनी शब्दांना किमान ओरखडा तरी काढला असता.

मराठवाड्यात राहणाऱ्याला नावांविषयी भाबडे राहणे परवडत नाही. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि १९९४ मध्ये नामविस्तार. मधल्या सोळा वर्षांत एका नावासाठी येथे घरे जळली आणि माणसे मेली. त्यामुळे ‘एकलव्य’ या शब्दाबद्दल या शहरात बसून लिहिताना हात थोडा सावध होतो.

प्रमाण मराठीत ‘एकलव्य’ म्हणजे गुरूविना शिकणारा निष्ठावान शिष्य. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार दिला जातो. आदिवासी मुलांसाठी केंद्र शासनाने १९९७-९८ पासून सुरू केलेल्या निवासी शाळा ‘एकलव्य’ नावाच्याच आहेत. ज्याला शाळेच्या दारातून परत पाठवले आणि पुढे ज्याचा अंगठा मागून घेतला, त्याचे नाव शाळेला देण्यातली विसंगती नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल असे नाही. पण शब्दातून आदिपर्वातले द्रोणाचार्य कधीच वजा झाले होते. उरली होती केवळ निष्ठा, आणि तीही ज्याच्याकडून किंमत वसूल झाली त्याची.

याच शहरात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात जी वाङ्मयीन चळवळ उभी राहिली, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’मधून जिला व्यासपीठ दिले, तिने हे नाव वेगळ्या अर्थाने उच्चारले. दलित कवितेतील एकलव्य आणि शंबूक हे निष्ठेचे वाचक नाहीत. ते ज्ञान नाकारले जाण्याचे, कापून घेतलेल्या अंगठ्याचे आणि छाटलेल्या मस्तकाचे वाचक आहेत. चळवळीच्या भाषणांत, गायन पार्ट्यांच्या गाण्यांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत हा अर्थ पुस्तकाची वाट न पाहता फिरला. म्हणजे एकाच नावाचे दोन शब्द मराठीत एकाच वेळी नांदत आहेत. जेव्हा समीक्षक ‘हे नाव बोलीत रूढ झाले’ असे लिहितो, तेव्हा त्याला विचारले पाहिजे: कोणाच्या बोलीत? पुरस्कार देणाऱ्यांच्या, की अंगठा गमावलेल्यांच्या? अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टोवच्या १८५२ च्या कादंबरीतील अंकल टॉमचे असेच झाले. लेखिकेच्या दृष्टीने जो सहनशील आणि थोर, तो पुढे काळ्या समाजाच्या बोलीत गोऱ्यांपुढे वाकणाऱ्यासाठी शिवी बनला. त्या समाजाने पात्राचा अर्थ बहुमताने बदलला. तो बदल वाङ्मयीन निर्णय मानायचा की नाही, याचे उत्तर आमच्या ‘अजरामर’वाद्यांकडे नाही, कारण त्यांनी भाषक एकच गृहीत धरला आहे, आणि तो बहुतेक वेळा त्यांच्यासारखाच दिसतो.

राहिला प्रश्न साधनांचा. आधुनिक मराठीतील रूढ नावांची यादी केली तर ती बहुतांशी रंगभूमीने, विनोदी गद्याने आणि अभिवाचनाने पुरवलेली आहे. चि. वि. जोश्यांचा चिमणराव १९७० च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने घरात आला तेव्हा ते नाव पुन्हा ताजे झाले. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चा फाल्गुनराव मागच्या पिढीतल्या संशयी नवऱ्याला सर्रास चिकटवला जाई, आज माझ्या वर्गात ते नाव घेतले तर मुले एकमेकांकडे पाहतात. नाटक कमी झाले, शब्द वाळला. मग फाल्गुनरावाची अमरता कोठे गेली? देवलांची प्रतिभा दरम्यान आटली की काय? (‘रोडरोमिओ’ मात्र दिवसेंदिवस टवटवीत होत आहे. एका मुलीसाठी जीव देणाऱ्या व्हेरोनाच्या त्या पोराला महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे राहून दामिनी पथकाच्या हाती सापडावे लागते, याला शेक्सपिअरची थोरवी म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.)

या मोजपट्टीने सर्वांत अधिक अन्याय होतो तो कादंबरीवर. १९६३ च्या ‘कोसला’ने मराठी कादंबरीची वाट बदलली, असे मानणाऱ्यांत मीही आहे. पांडुरंग सांगवीकर पिढ्यांनी वाचला, त्याच्यासारखे बोलून पाहिले. पण ‘तो अगदी सांगवीकर आहे’ हे वाक्य मराठी विभागाच्या व्हरांड्याबाहेर कोणाला कळणार नाही. आमच्या मराठवाड्याच्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ ची. गंगाराम शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या, पारबतीच्या तोंडून, येथल्या बोलीत सांगितली जाते. पारबतीचे नाव कशाचेच सामान्यनाम झाले नाही. होणारही नाही, कारण तिला एका गुणात किंवा एका दोषात बसवताच येत नाही. ती मुलासाठी झुरते, नवऱ्याच्या ताठ्यापुढे हतबल होते, त्याच ताठ्याचा तिला अभिमानही वाटतो. हे सगळे एका श्वासात सांगण्यासाठी बोराड्यांना सबंध कादंबरी लागली. शब्द होण्यासाठी पात्राला जे गमवावे लागते ते गमावायला ही पारबती तयार नाही. तिला मोजपट्टीवर शून्य गुण द्यायचे का?

माझी तक्रार बोलणाऱ्यांविषयी नाही. भाषा तिच्या गरजेने नावे उचलते, वापरते, झिजवते. तिला संहितेशी प्रामाणिक राहा असे सांगणे हास्यास्पद ठरेल. ‘तळीराम’ शब्द मीही वापरतो. तक्रार आहे ती ज्यांचे वाचणे हे काम आहे त्यांच्याविषयी. पात्राच्या नावाचा शब्द झाला, हे विधान प्रबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात येते. ते पहिल्या परिच्छेदात यायला हवे. तेथून पुढे नाटक आणि मथळा समोरासमोर ठेवून संशोधकाने दाखवावे की संहितेतील कोणते प्रसंग शब्दाने ठेवले, कोणते टाकले. हा शब्द प्रथम कोणत्या थरात चालला, कोणत्या थराने तो नाकारला. तेच नाव दुसऱ्या वस्तीत दुसऱ्या अर्थाने चालते का. यासाठी जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळाव्या लागतील, जलशांच्या आणि गायन पार्ट्यांच्या वह्या मिळवाव्या लागतील, महिलांच्या मासिकांतील पत्रव्यवहार वाचावा लागेल. काम कष्टाचे आहे आणि त्यात ‘अजरामर’ हा शब्द फारसा उपयोगी पडत नाही. दिवाकर दातार हा शब्द का झाला नाही, एवढ्या एका प्रश्नावर जरी कोणी प्रबंध लिहिला, तरी मी तो आनंदाने तपासायला घेईन.